आईने पाहिलेलं हाँगकाँग

एकोणीस वर्षं आई हाँगकाँगमध्ये परक्या घरी कामाला होती. दर रविवारी सुट्टीत काय काय पाहिलं, ते ती आम्हाला फिलिपिन्समध्ये, इलोइलोला पत्रातून कळवायची. ती वारल्यावर त्या पत्रांतून मी सतरा ठिकाणांची यादी केली आणि लिवाय या माझ्या सोळा वर्षांच्या लेकीला आजीचं शहर दाखवायला आणलं.

लेकीचा उत्साह दोन ठिकाणांतच संपला. पुलाखाली पुठ्ठे अंथरून आमच्या इलोइलोच्या कामवाल्या बायका रविवारचं जेवत होत्या. ही खुशाल त्यांच्यात जाऊन बसली आणि फोनवर आजीचे फोटो दाखवू लागली. सोळाव्या वर्षी काय बघावं हे कळत नाही, एवढा धडा मी तिथेच घेतला.

"ऊठ! आजीने पाहिलेली पंधरा ठिकाणं राहिलीत."

फोटो बघून एक म्हातारी हसली. "ही रेमेडियोस? ही कुठली फिरतेय! दर रविवारी इथंच, या खांबाला टेकून पत्र लिहायची. आम्ही चिडवायचो, 'आज कुठं जाऊन आलीस गं?' तर म्हणायची, 'पोरीला वाटू दे, आई मजेत आहे.'"

 

यादी पुठ्ठ्यावर पसरून मी तिच्यावर बसले. आईने पाहिलेलं सगळं हाँगकाँग इथून नीट दिसतं.