आधीची अपत्ये

"नसबंदी कधी केली होती?" हात धुता धुता डॉक्टरांनी विचारलं.

पायजम्याची नाडी बांधत सर्जेराव पडद्याबाहेर आला आणि हसला. "काय सायेब, चेष्टा करून राह्यले. लेकरू व्हईना म्हणून आलो आमी."

डॉक्टर हसले नाहीत. "दोन्ही बाजूंना टाक्याची खूण आहे. दोन्ही नळ्या बांधलेल्या हाताला लागतात. तुमच्या तपासणीत एकही शुक्रजंतू सापडला नाही, तो त्याच्यामुळेच."

"ते तर भरतीच्या वक्ताचं हाय," सर्जेराव म्हणाला. "सतरा वर्साचा व्हतो. पोलिसात जायचं व्हतं. दादा म्हणला, गोटी सुजली तुझी, तपासणीत काढून टाकतेत, आधी बारीकसं आपरेशन करून घेऊ. त्यानंच नेल्तं मला…"

त्यानं बायकोकडं पाहिलं.

बेबीनंदाला कळायला वेळ लागला नाही. सतरा वर्षांचा, म्हणजे शहात्तर साल, आणीबाणीचं. दादा, म्हणजे तिचे थोरले दीर, पुंजाराम गुरुजी. त्या साली ती अकरा वर्षांची होती. नसबंदीची केस आणा नाहीतर पगार विसरा, असं मास्तर लोकांना फर्मान होतं. तिच्या माहेरचे मास्तर तुरीच्या शेतात लपलेले गडी हुडकत फिरायचे.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "नळी बांधली तरी आत बीज तयार होतच असतं. ते सुईनं थेट तिथूनच काढता येतं. मग प्रयोगशाळेत बाईंच्या बीजात एकेक जंतू सोडायचा. खात्री नाही देत, पण आशा आहे. बाईंना छत्तीस पूर्ण झालीत, आता थांबू नका. हा संमतीचा फॉर्म भरून आणा."

"दादाकडं द्या. फारम त्येच भरतेत," सर्जेराव सवयीनं बोलून गेला. आणि स्वतःच्याच शब्दांचा चटका बसल्यासारखा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

फॉर्म बेबीनंदानं उचलला.

दारापासून बाहेरच्या बाकड्यापर्यंत दहा पावलं होती. तेवढ्यात तिच्या संसाराची अठरा वर्षं पेटत गेली. दोनदा पिशवी धुतली. तीनदा दुर्बीण घालून पोट पाहिलं. कुणी सांगेल ती चूर्णं उपाशीपोटी घशाखाली लोटली. घरात कुणाची ओटी भरायची असली, की हिला चुलीपुढं बसवायचे. तिचं सगळं जालन्याच्या डॉक्टरांचं बघून झालं. नवऱ्याचा पायजमा मात्र आज पहिल्यांदा उतरला, तोही या नव्या डॉक्टरांनी हट्ट धरला म्हणून.

दर खेपेला दवाखान्यात नेणारे गुरुजीच. फॉर्म भरणारे, औषधं आणणारे गुरुजीच. सासूनं तीर्थपुरीची पोरगी बघून ठेवली, तेव्हा "मी जिता हाय तवर ह्या घरात दुसरी येणार न्हाई" म्हणून आईपुढं उभे राहिलेही गुरुजीच. बेबीनंदा त्या दिवशी त्यांच्या पाया पडली होती.

दुसरी आली असती तर तिचीही कूस रिकामीच राहिली असती. मग गावानं बायकांकडं बघायचं सोडून सर्जेरावकडं पाहिलं असतं.

गुरुजी बाकड्यावर मोसंबी सोलत बसले होते. "घे बाई, सकाळपून पोटात काय न्हाई तुझ्या," म्हणत त्यांनी फोड पुढं केली.

थोरल्या दिरापुढं बेबीनंदा कधी बसली नव्हती. बोलायचं तर दाराआडून, डोक्यावरचा पदर सावरत. आज पदर खांद्यावर घसरला होता. तिनं तो तसाच राहू दिला. बाकड्यावर त्यांच्या शेजारी बसली. फोड घेतली नाही. हात लांबवून त्यांच्या खिशातला पेन काढून घेतला.

"भावजी, शहात्तर साली पगार किती म्हैने थांबल्ता?"

गुरुजींचा चेहरा उतरला. कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही. फोड सालीवर ठेवत म्हणाले, "तीन. खाणारी तोंडं आठ, कमावणारा मी एकटा. केस न्हाई तर नौकरीच जाणार व्हती."

"मंग टेबलावर तुमीच का न्हाई झोपले?"

"मला तवा दोनी पोरीच व्हत्या, बाई," गुरुजी म्हणाले. एवढ्यात सगळं आलं, असं त्यांना वाटत असावं.

त्या बाकड्यासकट या माणसाला रस्त्यावर लोटावं, असं बेबीनंदाला वाटलं. तिनं फॉर्म मांडीवर घेतला. सातवी पास बाईचं अक्षर, पण ठसठशीत. नवऱ्याचं नाव लिहिलं. वय लिहिलं. खाली स्वतःची सही केली, कागद फाटेल इतका जोर देऊन. मधला एक रकाना तेवढा राहिला होता. तो तिनं मोठ्यानं वाचला.

"आधीची अपत्ये. हितं काय लिवू? ह्यांच्या तवाच्या फारमात तुमी काय लिव्हलं व्हतं?"

"दोन," गुरुजी जमिनीकडं बघत म्हणाले. "दोन लेकरं असल्याबिगर केस धरत न्हवते."

"आन् नावं?"

पंचवीस वर्षं झाली होती. तरी आठवायला गुरुजींना एक क्षणही लागला नाही.

"थोरला वसंता," ते म्हणाले. "आन् धाकटी उषा."