नळी बदलायची वेळ

खिंडीतली रायफल समोर हलेल त्याच्यावर आपणहून गोळी झाडायची. हवालदार दौलत भोईटे यांना एकच काम उरलं होतं. दुपारी वारा सुटला की बारीक गोळीची नळी काढून जाड गोळीची बसवायची. पलीकडे शत्रूच्या चौकीतही एकजण तेच करायचा. न बोलताच दोघांनी वेळ जुळवली होती. दोनला दोन्ही नळ्या खडकावर यायच्या, दोन्ही रायफली बंद व्हायच्या आणि चार मिनिटं दोघं समोरासमोर उभं राहून चहा प्यायचे. अकरा महिन्यांत भोईट्यांना दिसलेला माणूस तेवढाच.

आज सकाळी नवी रायफल आली.

"ही नळी स्वतःच बदलते, हवालदारसाहेब, दोन सेकंदांत," इंजिनिअर म्हणाला. "आणि आपला माणूस आडवा आला तर थांबते." ती बसवून तो हेलिकॉप्टरने परत गेला.

दोन वाजले. पलीकडच्याने नळी खडकावर ठेवली आणि चहाचा मग उंचावला. नवी रायफल त्याच्याकडे वळली.

भोईटे चहा घेऊन धावले आणि तिच्या तोंडासमोर, तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

चार मिनिटं संपली. पलीकडच्याने नळी उचलली. भोईटे हलत नाहीत हे पाहून त्याने ती परत खाली ठेवली.

दोघांचाही चहा केव्हाच संपला होता.