दोन कानांचा पिवळा पेला

दहावा पेला रविवारी दुपारी परत आला. "आम्ही त्यात टूथब्रश ठेवायचो," आणून देणारे गृहस्थ ओशाळून म्हणाले. "बरं केलंत! फार बरं केलंत!" वहिनी इतक्या जोरात म्हणाली की शेजारच्या स्टॉलवरच्या विणकामवाल्या आजी सुया थांबवून बघायला लागल्या.

स्टॉलच्या तोंडाशीच वहिनीने स्वतःच्या हाताने लिहिलेला पुठ्ठा टेकवला होता. 'मागच्या वर्षी या महोत्सवात आमच्याकडून पिवळे पेले घेतलेल्यांनी ते कृपया परत द्यावेत. त्यातून काहीही पिऊ नये. बदली दुसरा पेला मिळेल.' शनिवारी सकाळी तो बघूनच नणंदेने कपाळाला हात लावला होता. "अगं वहिनी, दोन दिवसांचा तर महोत्सव! आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतेस?" दोनदा तिने पुठ्ठा फुलदाण्यांमागे सरकवला, दोनदा वहिनीने तो पुढे आणला. तिसऱ्यांदा नणंदेने नाद सोडला.

चूक वहिनीची होती. तिला मातीकाम शिकवणाऱ्या सरांनी म्हातारपणी भट्टी बंद केली, तेव्हा भांड्यांवर चढवायच्या रंगीत झिलईचे उरलेले डबे तिला दिले. शिसं विषारी, लहान मुलांच्या तर मेंदूलाही बाधतं, म्हणून ते घातलेली झिलई फक्त शोभेच्या वस्तूंना लावायची, त्या डब्यावर फुली असते, एवढं सांगितलं. तिने सगळ्या डब्यांची झाकणं नीट बघून घेतली. सरांनी फुली मारली होती बुडावर. आयुष्यभर भांड्यांच्या बुडावरच खुणा केलेला माणूस, तो आणखी कुठे मारणार? हातात येईल तो पेला पालथा करून बघायची वहिनीलाही सवय होती, पण तो रिकामा डबा तिने पालथा केला थेट यंदा, धुवायला काढल्यावर. उरलेली सगळी झिलई मागच्या वर्षीच्या बारा पेल्यांवर गेली होती. असा पिवळा रंग कधी बघितला नाही, सगळे म्हणाले होते.

कुणी त्यात पेनं ठेवली होती, कुणी निवडुंग लावला होता. एक तरुण मुलगी मात्र वर्षभर त्यातून चहा प्यायली होती. "मला तर काहीच झालं नाही," ती हसत म्हणाली. "रक्त तेवढं तपासून घे, बाळा," वहिनी म्हणाली. मुलीचं हसू तिथल्या तिथे मावळलं.

अकरावा पेला मागच्याच वर्षी बांधाबांधीत फुटला होता. राहता राहिला एक. सगळ्यांत लहान, दोन कानांचा. इवल्या हातांना दोन्हीकडून धरता यावा म्हणून वहिनीने मुद्दाम दोन कान जोडले होते. तो कुणी नेला तेही तिला लख्ख आठवत होतं. कडेवर वर्ष-सव्वा वर्षाची मुलगी घेतलेली, हसऱ्या चेहऱ्याची बाई. नाव नाही, पत्ता नाही. दोन दिवस वहिनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक कडेवर नजर ठेवून होती. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

ती माइकवाल्याकडेही जाऊन आली. "शिसंबिसं माइकवर नको हो, घबराट होते," तो म्हणाला. चित्रकलेच्या स्पर्धेचा निकाल सांगून झाल्यावर त्याने 'पिवळे पेले आणून द्यावेत' एवढं घाईघाईत उरकलं. कुणाचं लक्षही गेलं नाही.

पाच वाजले. समोरच्या लाकडी खेळणीवाल्याने खोकी काढली. "फुटला असेल गं तो," नणंद एक फुलदाणी कागदात गुंडाळत म्हणाली. "पोरांच्या हातात काय टिकतं?"

"देव करो आणि फुटलेला असो."

"अगंबाई, सापडलात!" स्टॉलच्या मागच्या बाजूने आवाज आला. तीच बाई होती. मुलगी आता कडेवर नव्हती, तिचं बोट धरून उभी होती. "मी मघापासून तुम्हालाच शोधतेय." तिने पिशवीतून रुमालात बांधलेला पेला काढला. "हिला याच्याशिवाय चालतच नाही हो. दूध यातच, संत्र्याचा रस यातच. झोपतानाही उशाशी लागतो. वापरून वापरून पार झिजला बघा. अगदी तस्साच दुसरा हवाय."

वहिनीने पेला हातात घेतला. एका बाजूने काठावरचा पिवळा रंग निघून गेला होता, ओठ टेकतात बरोबर तेवढा. आतून तर सगळा पेला निस्तेज पडला होता. तिने काठावरून बोट फिरवलं. बोटाला नुसती खरखरीत माती लागली.

मुलीने पेल्याकडे हात केला आणि घशातून एक आवाज काढला. शब्द असा नव्हताच.

"बोलत नाही अजून," आई म्हणाली. "पोटही सारखं दुखतं हिचं. डॉक्टर म्हणतात, बोलेल हळूहळू. हट्टी मात्र आहे हो!"

नणंदेचे हात थांबले. तिने फुलदाणी तशीच अर्धवट गुंडाळलेली खाली ठेवली. स्टॉलवर एकच स्टूल होतं, त्यावरचे कागद तिने उचलले आणि स्टूल त्या आईपुढे सरकवलं.

"बसा जरा," वहिनी म्हणाली.

आई बसली नाही. मांडून ठेवलेल्या पेल्यांवरून तिची नजर फिरली, निळे, पांढरे, तपकिरी, आणि तिचा चेहरा उतरला.

"का हो," ती म्हणाली, "पिवळे संपले?"