किल्ल्या कोणाच्या हातात

"परत तीच गल्ली?" खोक्यावरचा पत्ता वाचून ताईच्या कपाळाला आठी पडली.

धाकट्याच्या वेबसाइटवरून आलेली ऑर्डर होती. पितळी कुलूप, बाजारामागच्या गल्लीत पोचवायचं. कालचं तिथलंच, परवाचंही तिथलंच. नावं तेवढी निराळी.

"गल्लीत चोरांची शाळा उघडली की काय रे?"

"गिऱ्हाइकांना घर बदलायला सांगू का तुझ्यासाठी?" धाकट्यानं स्क्रीनवरून मानही वर केली नाही.

बाबांनी खोकं तिच्या हातातून काढून घेतलं, त्यावर धाकट्याचा निळा स्टिकर डकवला आणि म्हणाले, "पॅकिंग आणि पाठवणी माझ्याकडे. तुम्ही आपापली दुकानं बघा."

भांडण जुनंच होतं. आई गेल्यावर घर मुकं झालं आणि कुलपांच्या दुकानातली वर्दळही आटली. वेबसाइट काढायची, यावर तिघांचं एकमत होतं. कशावर बांधायची, यावर मात्र बहीणभावाचा छत्तीसचा आकडा.

धाकट्याला आपल्याच सर्व्हरवर बसवायची, फुकटात मिळणारी प्रणाली हवी होती. "स्वतःचं घर गं! हवी तिथे खिडकी काढा. कुलपांवर लेख लिहा, फोटो लावा, कुणाची परवानगी नको."

ताईला भाड्यानं मिळणारं तयार ऑनलाइन दुकान हवं होतं. "तुझ्या घराचं छप्पर दर अपडेटला उडतं, त्याचं काय? माझ्याकडे पैसे घेण्याची सोय, सुरक्षा, डागडुजी, सगळं मालक बघतो."

"आणि उद्या मालकानं भाडं वाढवलं म्हणजे?"

"आणि उद्या तुझं प्लगइन झोपलं म्हणजे?"

शेवटी शब्दानं शब्द वाढला. धाकटा म्हणाला, माझं ऐकायचं नसेल तर मी ती लांबची नोकरी धरतो. ताई म्हणाली, माझीही बॅग भरलेलीच आहे, मैत्रीण कधीची बोलावतेय. बाबांनी हातातला दुकानाच्या किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला.

"दोन्ही चालवा," ते म्हणाले. "माल तोच, भाव तोच. ज्याचं जास्त खपेल, त्याच्या हातात या किल्ल्या. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा मी मधे पडणार नाही."

महिना संपला तेव्हा दोघांची बरोबरी झाली. बाबांनी मुदत वाढवली. पुन्हा बरोबरी. रोज रात्रीचं जेवण आता तिघांचं एकत्र व्हायचं, कारण आकडे ऐकल्याशिवाय कुणालाच घास गोड लागत नव्हता. भांडाभांडी एवढी व्हायची की शेजारी भिंत ठोकायचे.

पण ताईच्या मनातली पाल चुकचुकतच होती. तिची गिऱ्हाइकं कालव्याच्या रस्त्यावरची. तिथे नव्या इमारती उठत होत्या. नवी दारं म्हटली की नवी कुलपं आलीच. सरळ हिशेब. अभिप्रायही कसे मनापासूनचे: 'कुलूप उत्तम. पॅकिंग तर फारच सुरेख.' धाकट्याच्या त्या जुनाट गल्लीत मात्र कोण एवढी कुलपं लावत होतं? नक्की याचाच कुणी दोस्त असणार. खोट्या ऑर्डरी टाकून गडी बरोबरीत राहतोय आणि एके दिवशी मला डावलून पुढे जाणार, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

त्यात ते खोकं रवाना झालं त्या रात्री जेवताना बाबा सहज बोलून गेले, "ताई, तुझ्या दुकानात पत्ता दोनदा टाकायला लागतो. म्हाताऱ्या माणसाला किती वैताग!"

ताईचा घास हातातच राहिला. बाबांना धड माउस धरता येत नाही. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"लोक बोलतात," बाबा म्हणाले आणि भात कालवायला लागले.

तिनं धाकट्याकडे रोखून पाहिलं. म्हणजे हा बाबांचे कानही भरतोय तर! सख्खा भाऊ, आणि असा वागतो? त्या विचारानं तिला रडूच कोसळलं असतं, पण तिनं ते पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा नेहमीसारखे बाहेर पडले. त्यांचे मित्र चष्मेवाले काका आणि ते रोज गुडघ्यांच्या व्यायामाला जात. धाकटा फोनवर होता. ताईनं चपला घातल्या आणि थेट बाजारामागची गल्ली गाठली.

पत्त्यावरचं घर अगदी कोपऱ्यावर निघालं. दार लोटलेलंच होतं. तिनं ते हळूच ढकललं.

भिंतीला लागून खोकीच खोकी. सगळ्यांवर निळे स्टिकर, एकही फोडलेलं नाही. सापडलास की नाही बेट्या! तिचा हात पुरावा म्हणून फोटो काढायला फोनकडे गेला. तिला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही.

मग फोनच्या चौकटीत तिला दुसरी भिंत दिसली. तिथेही तेवढीच खोकी होती. त्यांवरचे स्टिकर पिवळे होते. तिचे. त्यांच्या पलीकडे दुसरं दार सताड उघडं होतं आणि दारासमोर कालवा वाहत होता.

भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता टांगलेला. त्याच्याखाली एक म्हातारा पाठमोरा बसून, चष्मा कपाळावर चढवून, एका बोटानं कॉम्प्युटरची बटणं शोधत होता. स्क्रीनवर ताईचं दुकान उघडं होतं.

दाराची चाहूल लागली तशी त्यानं मागं न बघताच हात वर केला.

"चष्मेवाल्या, चहा जरा थांबव रे. धाकट्याचं झालं, पण ताईचं अजून एक कमी पडतंय."