झोपलेल्याचं माप

"मापात चूक नाही," सुतार म्हणाला आणि व्हॅनचं मागचं दार त्याने चौथ्यांदा लावून दाखवलं. दार लागलं. दार लागत होतं यात वाद नव्हताच.

आत त्याने पंधरा दिवस खपून लाकडी चौकट बसवली होती. चढवून ठेवलेल्या दोन सायकलींच्या चाकांना दोन खाचा, हँडल टेकतं तिथे नमद्याचा मऊ लोकरी तुकडा, म्हणजे रंगाला ओरखडा नको. तळाच्या प्लायवर पेन्सिलीने 'सा. १', 'सा. २', आणि दोहोंच्या मध्ये एक गोल. गोलात 'कु.'

त्याची बायको हातात कुत्र्याचा पट्टा घेऊन उभी होती. कुत्रा, म्हणजे ढब्बू, फाटकापाशी बसला होता आणि हाका मारूनही गाडीकडे येत नव्हता. त्याच्या पाठीवर चार बोटं लांब पट्टीत केस उगवले नव्हते. गेल्या खेपेला सुतार त्याला सायकलींमध्ये कोंबून घेऊन गेला, कोणीतरी आडवं आलं म्हणून करकचून ब्रेक मारला आणि पेडल त्याच्या पाठीत घुसलं. सात टाके पडले. "कुत्र्याची कातडी, येते भरून," असं सुतार म्हणाला होता, तेही सायकल तपासून झाल्यावर. ते वाक्य तिने तेव्हा गिळलं होतं. पचलं मात्र नव्हतं.

"ढब्बूचं माप कधी घेतलंस?" तिने विचारलं.

"परवा दुपारी. दोन फूट बाय पावणेदोन. वर दोन इंच सोडलेत."

"परवा दुपारी तो झोपला होता."

"मग? गाडीत काय नाचणार आहे तो?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांचे कपडे शिवण्यात तिची वीस वर्षं गेली होती. "मी झोपलेल्या गिऱ्हाईकाचं माप घेत नाही," ती म्हणाली. "उभं करते. हात वर करायला लावते, वाकायला लावते. हा बसण्याआधी तीन गिरक्या घेतो. सहा वर्षं बघतोयस तू. आणि पेडलं काढ म्हणाले होते मी, त्याचं काय झालं?"

"इथे काढायची, तिकडे तळ्यावर जाऊन लावायची. अर्धा तास जातो त्यात."

"टाके घालायला दोन तास गेले होते."

सुताराने खांदे उडवले. "एवढंच असेल तर तुझी सायकल राहू दे घरी. तू तशीही दुपारनंतर दमतेस."

तिने पट्टा खिशात कोंबला, दार उघडलं आणि आत शिरून त्या पेन्सिलीच्या गोलावर बसली. गुडघे हनुवटीला लागले. डाव्या बाजूचं पेडल कानाशी, उजवीकडचं बरगडीशी.

"आता हा काय तमाशा?"

"दार लाव. बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत ने. तिथे गेल्या वेळसारखा ब्रेक मार."

"उतर खाली."

"लाव दार."

त्याने दार लावलं. बेकरीचा कोपरा चालत दोन मिनिटांवर होता, सुताराला गाडीने तीन लागली. पहिला गिअर काही त्याने सोडला नाही. भाजीच्या पिशव्या घेतलेली एक बाई गाडीला मागे टाकून पुढे निघून गेली. कोपऱ्यावर त्याने ब्रेक इतका हळू दाबला, की गाडी थांबल्याचं तिला इंजिन बंद झाल्यावर कळलं.

"का नाही मारलास?" तिने मागून विचारलं.

"लागलं असतं ना तुला."

आपण काय बोलून बसलो, ते सुताराच्या जरा उशिरा ध्यानात आलं. मग त्याने आरशात बघायचं टाळलं आणि गाडी तशीच उलटी घराकडे घेतली.

ती उतरली. त्याच्या पेटीतला पाना काढून तिने आपल्या सायकलीची पेडलं सोडवायला घेतली. डावं पेडल उलट्या बाजूने फिरवून सुटतं हे सांगायला त्याने तोंड उघडलं, तोवर ते निघालंही होतं. मग तिने त्याची सायकल खाचेतून ओढून फाटकाला टेकवली. ओरखडा उठला. तो तिने पाहिला आणि तिला बरं वाटलं.

"अगं, मग मी कसा येऊ?"

"सायकल आहे की तुझी. बावीसच किलोमीटर. तासाभरात पोचतो म्हणून सगळ्यांना सांगत असतोस. किल्ली दे."

किल्ली मिळाली. ढब्बूला मात्र वेळ लागला. ती गाडीच्या पायरीवर बसून राहिली, त्याला ओढलं नाही. शेवटी तो आपण होऊन आला, रिकाम्या खाचेचा नमदा हुंगला आणि आत चढला. फिरता येईल इतका ढिला ठेवून तिने त्याचा पट्टा तळाच्या कडीला अडकवला, मग आपली सायकल दोरीने पुन्हा एकदा आवळली.

बेकरीच्या कोपऱ्यावर सिग्नलला थांबली तेव्हा मागे प्लायवर नखं वाजली. तिने वळून पाहिलं. एक गिरकी, दुसरी, तिसरी. मग ढब्बू नाक शेपटीत खुपसून बरोबर पेन्सिलीच्या गोलात मावला. रेघेबाहेर कानसुद्धा नव्हता.

माप बरोबर होतं, तेवढं तिने मनातल्या मनात कबूल केलं. राग तरीही उतरला नाही. मागच्या काचेतून सुतार दिसत होता, पेडल मारता मारता हात हलवून थांब थांब म्हणत होता. सिग्नल सुटला. ती त्याच्यासाठी थांबली नाही. वेगही वाढवला नाही, कारण मागे ढब्बू झोपला होता.