कोरा उजेड

शेडचं दार ढकललं आणि पुरुषोत्तम उंबऱ्यातच थबकले. दुर्बिणीवरची चादर घडी होऊन खुर्चीवर पडली होती. दुर्बीण लखलखत होती. नळीवर हळदकुंकवाची बोटं, वर शेवंतीचं एक फूल.

"हॅपी दसरा, आबा," सान्वी म्हणाली. नऊ वर्षांची नात. स्वेटरवर कुंकू सांडलेलं. "आईचा स्टेथोस्कोप केला, डॅडचा लॅपटॉप केला, माझा स्कूटर केला. दुर्बीण लास्ट केला."

"माझी स्कूटर केली. दुर्बीण केली," ते सवयीने म्हणाले. एडिनबरातल्या शनिवारच्या मराठी शाळेत ते हेच तर शिकवत.

"सगळंच 'ती' कसं, आबा? स्टेथोस्कोप पण 'ती'?"

"नाही. तो 'तो'."

"मला वाटलंच. म्हणजे आईचा तरी बरोबर केला."

यंदा घरात सण नव्हता. त्यांच्या बायकोला, नीनाला, जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. काही करायचं नाही, असं सुनेने, सुलक्षणाने, आधीच सांगून ठेवलं होतं. पण दसऱ्याला आपापल्या हत्यारांची पूजा करायची, आणि आपलं हत्यार म्हणजे ही दुर्बीण, हे सान्वीला तिच्या आजीनेच शिकवलं होतं. दरवर्षी दोघी मिळून करत. यंदा तिने एकटीने केलं होतं.

पुरुषोत्तमांच्या हातात उशीचा पांढरा अभ्रा होता. त्यांनी तो उगीचच या हातातून त्या हातात घेतला.

"आतूनही पुसलीस?"

"हो. कॅमेरा काढला, आजी काढायची तसा. काचेवर खूप धूळ होता. सगळा पुसला. मग परत लावला."

ते खुर्चीत बसले, चादरीच्या घडीवरच.

नीना वर्षानुवर्षं एकाच ताऱ्याच्या मागे होती. कधी उजळणारा, कधी मंदावणारा एक साधा तारा. तिच्या शेवटच्या रात्री तो अचानक विझत चालला होता. तिने फोटो घेतले. फक्त एक राहिला होता. सकाळी दुर्बिणीच्या तोंडावर पांढरा अभ्रा ताणायचा आणि कोऱ्या उजेडाचा फोटो घ्यायचा. त्यात तारे नसतात. असतात त्या काचेवरच्या धुळीच्या सावल्या. त्या फोटोने ताऱ्यांचे फोटो भागले की सावल्या निघून जातात आणि ताऱ्याचा खरा उजेड मोजता येतो. "भागाकार उद्या सकाळी," म्हणून ती झोपायला गेली. सकाळी ॲम्ब्युलन्स आली.

तेव्हापासून त्यांनी दुर्बिणीला हात लावला नव्हता. धूळ होती तिथे होती, तोवर तो फोटो केव्हाही घेता आला असता. त्यांच्याच्याने होत नव्हतं, एवढंच. आज ईलिंगहून शशीचा फोन आला. हौशी निरीक्षकांच्या गटाची निरीक्षणं तो गोळा करी. "काका, त्या रात्री बाकी सगळीकडे ढग होते. आकाश मोकळं होतं ते फक्त काकूंकडे. आम्ही थांबलोय." तेव्हा कुठे ते अभ्रा घेऊन बाहेर पडले होते.

"आबा, काही चुकलं का माझं?"

"अभ्रा धर," ते म्हणाले. "घट्ट. सुरकुती नको."

तिने धरला. ओठांच्या कोपऱ्यातून जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून धरला. फोटो झाले. त्यांनी लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. कुठलं बटण दाबायचं, हे तिला ठाऊक होतं.

फोटोचे काळवंडलेले कोपरे उजळले. मधोमध मात्र एक करडं कडं होतं तसंच राहिलं, आणि त्या कड्यात नीनाचा तारा.

"आजीचा मेदूवडा," सान्वी हसली. असल्या सावलीला नीना हेच म्हणायची. मग तिचं हसू विरलं. "पण गेला नाही. भागाकार चुकला?"

"भागाकार बरोबर आहे."

"मग?"

मुलांना त्यांनी कधी खोटं शिकवलं नव्हतं. आज एकदा शिकवावं असं त्यांना फार वाटलं.

"आपण ज्या फोटोने भागलं," ते सावकाश म्हणाले, "त्यात ही सावली नव्हती. ती धूळ आता काचेवर नाही ना."

सान्वी पडद्याकडे बघत राहिली. मग दुर्बिणीकडे. तिचा चेहरा हळूहळू लाल झाला, आणि ती बाहेर गेली.

त्यांनी शशीला लिहिलं: त्या रात्रीचं निरीक्षण धरू नका. तारा सावलीत आहे.

फोन खिशात ठेवून त्यांनी मान वर केली, तर सान्वी दारात उभी होती. हातात चष्मा पुसायचं पिवळं फडकं. त्याचे चारही कोपरे तिने मुठीत गच्च आवळले होते.

"मी बिनमध्ये नाही टाकला, आबा. यात आहे आजीचा धूळ. परत लावू या?"

पुरुषोत्तमांनी तिचं मराठी दुरुस्त केलं नाही. उजव्या तळव्याखाली डावा धरून, प्रसाद घेतात तसे, त्यांनी हात पुढे केले.