चरक्या दाराबाहेर

"उद्यापासून येऊ नका," असं म्हणत शेटजींच्या दिवाणजींनी पार्बताबाईची चरकी उचलली आणि वखारीच्या दाराबाहेर ठेवली.

ती एकटी नव्हती. अकोल्याच्या त्या वखारीत चरकीवर कापसाची सरकी काढणाऱ्या साऱ्याच बाया त्या दिवशी घरी बसल्या. समुद्रापार कुठंशी लढाई पेटली होती, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, आणि त्या कमाईतून शेटजींनी विलायती यंत्र आणलं होतं. ते चालवायला एक मिस्तरी आणि कापूस घालायला एक बाई, बस.

ती बाई ठरली कौशल्या. पार्बताबाईची धाकटी जाऊ. चरकी धरायला तिला पार्बताबाईनंच शिकवलं होतं.

"तुले लाज नाही वाटली?"

"वाटली, जाऊबाई. पण कोणीतरी आत असलं पायजे."

त्या दिवशी घरात दोन चुली झाल्या.

पार्बताबाई काम धुंडत फिरली. शेतातली वेचणी सरली होती. गठ्ठे बांधायला गडीच लागत. कापसाच्या गाड्यांनी रस्ते तुंबलेले, आणि तिच्या हाताला काम नाही! कौशल्या रोज संध्याकाळी तिच्या पोरींपुढं भाकरी ठेवी. पार्बताबाई त्या भाकरी उचलून गाईपुढं टाकी.

"यंत्राचं खाणं माह्या पोरी खाणार नाहीत."

कौशल्या मान खाली घालून आत जाई.

एका दुपारी दिवाणजी स्वतः दारात आले. "चरकी घेऊन चला, बाई. यंत्र मोडलं. मुंबईहून सामान येईस्तोवर हातानंच काम."

पार्बताबाई कितीतरी दिवसांनी हसली. "म्हंजे कौशल्याबी बसली म्हना! समजू द्या तिले, रिकामे हात कसे असतात ते."

दिवाणजी वळून वखारीकडं चालू लागले.

वखारीत साऱ्या बाया जमल्या होत्या. चरक्या कुरकुरू लागल्या. पार्बताबाईनं बैठक मारली, पदर खोचला आणि मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "अन् आमची राणीसायेब? तिले नाही बोलावलं? बसवा तिले माह्या शेजारी!"

दिवाणजींनी आवाज खाली आणला.

"तिला शिपायांनी चावडीवर नेलं, बाई. सकाळी कापसात पहार दडवून तिनंच ती यंत्रात सारली."